नसा साफ आहेत

अकोला
८ जुलै २०१३

आशू,

पाकिटात सीडी आहे, वाकवू नकोस. आमच्या सेंटरचा टेक्निशियन नबी ती अमरावतीच्या एसटीत पार्सल म्हणून टाकतो आहे. इंटरनेटवरून पाठवायला बसले तर एका पेशंटच्या चित्रांनाच अर्धा दिवस गेला, वर लाईट गेली. सीडी जाणारच आहे तर सोबत पत्र लिहावं म्हटलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

काम सांगते. तुझ्या शब्दावर तुझ्या भावाने, केयूरदादांनी, मला त्यांच्या सीटी सेंटरमध्ये घेतलं. इथे मला सगळ्यात जास्त घोर लागतो तो पाय सुजून येणाऱ्या बाळंतिणींचा. बऱ्याच जणी अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दिवस भरत आले तरी उभ्याने काम करतात. बाळंत झाल्या की एक पाय खांबासारखा होतो. नसेत रक्ताची गाठ झालेली असते. पायातली गाठ सोनोग्राफीत सापडते, पण ओटीपोटातल्या नसा खोल, तिथे सोनोग्राफी चाचपडते. आणि तिथलीच गाठ सुटली की थेट फुप्फुसात जाऊन बसते. म्हणून सीटी. हातातून डाय टोचायचं. ते नसांत पोचलं की रक्त पांढरं दिसतं, आणि गाठ असेल तर त्या पांढऱ्यात काळसर दिसते.

अडचण अशी, की किरण नेमके ओटीपोटावर पडतात आणि पोरी वीस-बावीसच्या. काहींचा सीटी पुन्हा करावा लागतो. मी किरण निम्म्यावर आणून पाहिले. पोरीला बरं, पण चित्रावर रवा सांडल्यासारखं झालं. गाठ कुठली आणि रवा कुठला, डोळे फोडून पाहावं लागतं. मशीनची कंपनी हा रवा काढायचं सॉफ्टवेअर विकते, पण केयूरदादा म्हणाले, सध्या नाही.

तू कॉलेजात पोरांना हेच शिकवतेस ना, चित्रातला गोंगाट कमी करणं? मग माझ्या चित्रांतला कर. पेशंटची नावं काढून टाकली आहेत. दादांना विचारलं आहे, ते म्हणाले, आशूला काही तरी उद्योग मिळेल.

सिंधूकाकूंना सलाम सांग.

तुझी,
माहे

*

अमरावती
२१ जुलै २०१३

माहे,

पार्सल खिडकीवरच्या माणसाने पाकीट कानाशी धरून हलवून पाहिलं आणि विचारलं, "याच्यात काय हाय?" मी म्हटलं, बायकांच्या नसा. त्याने लगेच दिलं.

आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझी चित्रं पसरून बसले आहे. पाऊस थांबत नाही. सोयाबीन पाण्यात उभं आहे, माझ्या वर्गातली निम्मी पोरं गावी गेली आहेत, त्यामुळे वेळच वेळ. आई मागून येऊन पाहते. म्हणाली, "हे काय, पापडाच्या लाट्या आहेत का?" मग सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "माहेनूरला म्हणावं, दुसऱ्याच्या नसा पाहतेस, स्वतः जेवतेस का वेळेवर?" दादा अकोल्याला गेल्यापासून तिला डबा भरून द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून तुझ्यावर डोळा.

आता प्रोग्रामचं. मी चित्रातला प्रत्येक ठिपका त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहते. आजूबाजूच्या ठिपक्यांशी, आणि वरच्या-खालच्या चित्रांतल्या त्याच जागेशीही. जो एकटाच फटकून वागतो त्याला रवा समजून शेजाऱ्यांसारखा करून टाकते. नसेची कड मात्र जपते, नाही तर सगळं दुधासारखं पसरतं. तीन वेळा बिघडलं. चौथ्यांदा नस अशी निघाली, की मी एकटीच हसले. सोबत पाठवलेल्या सीडीत बघ.

एक शंका आहे. एकटा पडलेला काळा ठिपका मी रवा समजते. पण तो छोटी गाठही असू शकतो ना? मला ते कळणार नाही, मी इंजिनियर. तू ताडून पाहा. दिसलं ते लिही, माझं मन राखू नकोस.

तुझी,
आशू

*

अकोला
२ सप्टेंबर २०१३

आशू,

मन राखत नाही. काम फार चांगलं झालं आहे. ओटीपोटातली मोठी नस, जी मला अंदाजाने पाहावी लागायची, ती आता काठापासून काठापर्यंत दिसते. नबी तर म्हणाला, "मॅडम, हे आपल्याच मशीनचं हाय का?"

आता दुसरं. तुझी शंका खरी निघाली. जिथे गाठ आहे हे सोनोग्राफीत आधीच पक्कं झालं होतं, अशा पेशंटची चित्रं मी मुद्दाम तुझ्याकडून साफ करून घेतली होती. मोठ्या गाठी सगळ्या राहिल्या. पण एका बाईच्या पोटरीत तांदळाच्या दाण्याएवढी गाठ होती. रव्याच्या चित्रात ती होती. तुझ्या चित्रात तिथे नस छान पांढरी आहे.

यात तुझी चूक नाही. जे थोडं आहे आणि आजूबाजूपेक्षा फारसं वेगळं नाही, ते पुसलं जाणार. म्हणून मी इथे नियम केला आहे. साफ केलेलं चित्र एकटं कधी वाचायचं नाही, शेजारी मूळ चित्र उघडं पाहिजे. गुडघ्याखाली सोनोग्राफी सोडायची नाही. आणि डाय पूर्ण द्यायचं. डाय कमी झालं की रक्त आणि गाठ यांच्या रंगातला फरकच उरत नाही, मग तू कितीही जपून पूस, गाठ रव्यासोबत जाणार.

तू एक कर. प्रत्येक साफ केलेल्या चित्राच्या कोपऱ्यात एक ओळ येऊ दे: 'हे चित्र शुद्ध केलेले आहे, मूळ चित्र पाहावे.' उद्या मी इथे नसले आणि दुसरं कोणी वाचायला बसलं, तर त्याला कळलं पाहिजे.

तुला आणखी ताडून पाहता यावं म्हणून नबी दर शनिवारी आठवड्याची मूळ चित्रं सीडीवर घालून पाठवत जाईल.

माहे

*

अमरावती
१० नोव्हेंबर २०१३

माहे,

दिवाळीला तू येशील म्हणून आईने अनरसे वेगळे काढून ठेवले होते. आता तेच पार्सलमध्ये घालते आहे, नबीलाही दे.

दादा चार दिवस होता. मी त्याला लॅपटॉपवर दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली, आधीचं आणि नंतरचं. त्याने दोन्ही पुन्हा पुन्हा मोठी करून पाहिली. मग म्हणाला, "आशू, हे तू केलंस?" लहानपणापासून त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं, तुला माहीत आहे. गणिताचा पेपर दाखवला तरी म्हणायचा, बाईंनी मार्क सैल सोडलेत.

त्याला हा प्रोग्राम थेट मशीनच्या कॉम्प्युटरवर हवा आहे, म्हणजे चित्र साफ होऊनच बाहेर पडेल, वाट पाहायला नको. मी पुढच्या रविवारी येऊन बसवून देणार आहे. नागपूरला फेब्रुवारीत डॉक्टरांची परिषद आहे, तिथे तो यावर निबंध वाचणार आहे. त्याचं, माझं आणि तुझं नाव असेल.

कोपऱ्यातली ओळ मात्र तो काढायला सांगतो आहे. म्हणाला, फिल्म पेशंटच्या हातात जाते, नातेवाईक वाचतात आणि विचारतात, शुद्ध म्हणजे काय, आधी अशुद्ध होतं का? वाचणारे मी आणि माहेनूर दोघंच, आणि दोघांनाही नियम माहीत आहे. मला ते पटलं. काढते आहे. तुला चालेल ना?

आशू

*

अकोला
१९ जानेवारी २०१४

आशू,

नोव्हेंबरात ज्या रविवारी तू येऊन गेलीस त्या दिवशी मी अचलपूरला होते. जैनबखालाची तब्येत आता जास्तच उतरली आहे आणि तिचं करणारं या भाचीशिवाय कोणी नाही. तुझी भेट चुकली. भेट झाली असती तर ती ओळ काढू दिली नसती.

ओळ गेली ती गेली. आता आणखी काय काय झालं ते ऐक. महिन्याभरापासून मशीनवर सेटिंग बदललं आहे. मी किरण निम्म्यावर आणले होते, ते आता त्याच्याही निम्म्यावर आहेत. आणि डायची एक बाटली दोन पेशंटना. मी दादांना विचारलं. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ते म्हणाले, "चित्र साफ येतंय ना?"

"येतंय. पण कशामुळे साफ येतंय ते तर पाहा. डाय अर्धं झालं की गाठ फिकट होते आणि प्रोग्राम ती पुसतो."

"माहेनूर, किरण कमी करा म्हणून माझ्या मागे तूच लागली होतीस."

"ते पोरींसाठी होतं."

"आताही पोरींसाठीच आहे. किरण कमी तर मशीनच्या ट्यूबवर ताण कमी. ट्यूब गेली तर सेंटर बंद. मग तुझ्या पोरी तपासायला नागपूरला जातील का?"

बोलायला ते तुझ्यापेक्षा हुशार आहेत.  बाहेर पाटी लागली आहे, 'अत्यल्प किरण, सुस्पष्ट चित्र.' पाटी वाचून डॉक्टर पेशंट पाठवतात.

आणि मूळ चित्रं आता कॉम्प्युटरवर राहत नाहीत. जागा पुरत नाही म्हणून रविवारी पुसली जातात. नबी शनिवारी तुझी सीडी काढतो, तेवढीच काय ती शिल्लक.

माझं ते ऐकत नाहीत. तू बहीण आहेस, प्रोग्राम तुझा आहे. तू बोल.

माहे

*

अमरावती
३० जानेवारी २०१४

माहे,

बोलले. चिडला नाही. सगळं शांतपणे सांगितलं त्याने.

यंदा सोयाबीन गेलं, कापसाला भाव नाही. पाय सुजला तरी लोक घरीच लेप लावून बसतात. मशीन दुपारभर रिकामं असतं. हे तुलाही दिसत असेल. तो म्हणतो, मी आणि मशीन टिकलो तरच बाकीचं. वहिनीशीही हल्ली बोलत नाही तो. माहे, तू त्याला मालक म्हणून पाहतेस, मी त्याला उन्हात मशीनच्या खोक्याला टेकून उभा राहिलेला पाहिला आहे. उद्घाटनाच्या दिवशी रडला होता तो.

नियम पाळतो म्हणाला आहे. शंका आली की मूळ चित्र उघडतो. थोडं समजून घे. तुमचं दोघांचं बिनसलं तर मी कुणाकडे पाहू?

मी प्रोग्राममध्ये थोडी सुधारणा करते आहे, कमी डायमध्येही छोट्या गाठी राहाव्यात म्हणून. एक-दोन महिने दे मला.

आशू

*

अकोला
२५ मार्च २०१४

आशू,

हे पत्र नीट बसून वाच.

कौशल्या नावाची एक मुलगी होती. अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला. यंदा कापूस कमी, जिनिंग लवकर बंद पडली, म्हणून बाळंतपणाला आईकडे आलेली. मुलगा झाला. बाराव्या दिवसानंतर डावा पाय मांडीपर्यंत सुजला. अकोटच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आपल्याकडे पाठवलं. गारपिटीच्या आठवड्यातला शुक्रवार होता तो. मी अचलपूरला होते, खालाचं दफन त्याच दिवशी झालं. सीटी केयूरदादांनी वाचला. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'ओटीपोटातील व मांडीतील नसा साफ आहेत.' रिपोर्ट बघून अकोटच्या डॉक्टरांनी सुजेच्या गोळ्या दिल्या. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं नाही. साफ नसेला काहून देतील?

सोमवारी ती बाळाला न्हाऊ घालून उठली आणि दारातच खाली बसली. छातीत दुखतं म्हणाली. गाडी मिळेपर्यंत संपली होती.

हे मला काल तिच्या आईने सांगितलं. गंगूबाई नाव त्यांचं. बाळाला कडेवर घेऊन फिल्मची पिशवी हातात धरून आल्या. दादा केबिनमध्ये होते, बाहेर आले नाहीत. मी त्यांना आत घेतलं.

म्हणाल्या, "बाई, तुमी सांगा. याच्यात त साफ सांगतलं होतं. मंग माही पोरगी काहून गेली?"

मी फिल्म उजेडावर लावली. आशू, इतकं सुंदर चित्र मी या मशीनवर कधी पाहिलं नव्हतं. डावीकडची नस उजवीपेक्षा किंचित राखाडी होती, पण एकसारखी, वरपासून खालपर्यंत गुळगुळीत. खड्डा नाही, डाग नाही. खऱ्या नसेत असं कधी नसतं. मी त्यांना म्हटलं, मला पाहून सांगावं लागेल. त्या म्हणाल्या, "पाहा. मी बसतो इथंच." बाळ रडायला लागलं तरी बसून होत्या. शेवटी नबी त्यांना स्टँडवर सोडून आला.

मूळ चित्र कॉम्प्युटरवर नाही, रविवारी पुसलं. पण नबीने त्या शनिवारची सीडी तुला पाठवली आहे. त्याला पक्कं आठवतं, कारण गारांमुळे गाडी उशिरा सुटली आणि तो डेपोत थांबून राहिला होता. त्या सीडीत कौशल्याची चित्रं आहेत. नाव नसेल, शुक्रवारची तारीख असेल, वय बावीस.

ती उघड. काही ठरवू नकोस, मला परत पाठव.

माहे

*

अमरावती
१४ एप्रिल २०१४

माहे,

उत्तराला उशीर झाला. कॉलेजात परीक्षा, आणि आईचा रक्तदाब वाढला होता.

जैनबखालांचं वाचून आईला फार वाईट वाटलं. लहानपणी ईदला त्या आपल्याला शिरखुर्मा पाठवायच्या त्याची आठवण काढत होती.

ती सीडी उघडत नाही. पार्सलमध्ये चरा गेला असावा. दोन कॉम्प्युटरवर लावून पाहिली. मला खूप वाईट वाटतं आहे. पण मला हेही वाटतं, की बाळंतपणात अशा गोष्टी होतात. मूळ चित्रात तरी ती गाठ दिसली असती असं आपण खात्रीने म्हणू शकत नाही ना? दादाला झोप लागत नाही, वहिनीचा फोन आला होता. तो बोलून दाखवत नाही एवढंच.

त्या बाईंना काही मदत करता येईल का? मी नाव न सांगता करीन.

आशू

*

अकोला
२० एप्रिल २०१४

अश्लेषा,

सीडी परत पाठव. चरा गेलेली असली तरी पाठव. इथे वाचून देणारा माणूस आहे.

गंगूबाईंना मदत नको आहे. त्यांना उत्तर हवं आहे. मी त्यांना सांगितलं, की रिपोर्ट चुकला असावा असं मला वाटतं आणि मी तसं लिहून देईन. त्यांनी चौकशीसाठी तक्रार केली आहे.

माहेनूर

*

अकोला
९ मे २०१४

अश्लेषा,

तू पाठवलेली सीडी मिळाली. वाचणाऱ्याने ती लावली आणि लगेच काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, हिच्यावर चरा नाही आणि काहीच नाही, ही कोरी आहे.

न उघडणारी सीडी आणि कोरी सीडी यांतला फरक तुला तर माझ्यापेक्षा चांगला कळतो. तू कौशल्याची नस पाहिलीस. पाहिली नसतीस तर कोरी पाठवायची गरज पडली नसती.

मला सेंटरमधून उद्यापासून येऊ नका असं सांगितलं आहे. नबीनेही सोडलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

माहेनूर

*

अमरावती
१७ ऑगस्ट २०१४

माहे,

तू उत्तर देणार नाहीस हे माहीत असून लिहिते आहे.

चौकशी समितीपुढे मी जे लिहून दिलं त्याची प्रत तुला मिळाली असेल. त्यात एक शब्दही खोटा नाही. किरण कमी करायची कल्पना तुझी होती, चित्रं साफ करायची विनंती तू केलीस, छोटी गाठ पुसली जाऊ शकते हे तुला सप्टेंबरमध्येच माहीत होतं. मला हे प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. सीडीचं कोणी विचारलं नाही.

मी काय करायला हवं होतं? तो माझा भाऊ आहे. आई त्याच्याकडे पाहून जगते. सेंटर बंद झालं असतं तर त्याने स्वतःचं काय केलं असतं, मला कल्पना करवत नाही. इकडे रोज पेपरात येतं कोणी काय केलं ते.

तुला दुसरीकडे कुठेही काम मिळेल. तू चांगली डॉक्टर आहेस.

आशू

*

चांदूर बाजार
१२ जानेवारी २०१५

अश्लेषा,

पाच महिन्यांनी लिहिते आहे ते तुझ्या पत्राचं उत्तर म्हणून नाही. काम आहे म्हणून. पण मधलं थोडं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

समितीचा निकाल तुला कळलाच असेल. पद्धत नवी होती, तिच्या मर्यादा होत्या, कोणाही एकाचा दोष सिद्ध होत नाही, मूळ चित्रं यापुढे जपून ठेवावीत. नागपूरच्या निबंधात माझं नाव तिसरं होतं, चौकशीच्या कागदांत पहिलं आलं. गंगूबाईंना निकाल मी वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "म्हंजे साफ होती का नवती?" मी म्हटलं, नव्हती. त्या म्हणाल्या, "मंग तसं लिवलं काहून नाई?" आणि बाळाला घेऊन निघून गेल्या.

अकोल्यात मला कोणी घेतलं नाही. इथे बाजाराजवळ दोन खोल्या घेऊन सोनोग्राफीचं एक जुनं मशीन लावलं आहे. चालतं.

परवा दुपारी सिंधूकाकू आल्या. एकट्या, अमरावतीहून एसटीने. पाय मुरगळून प्लास्टर घातलं होतं, ते काढल्यापासून पाय सुजला आहे, हे तुला माहीत असेलच. मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि विचारलं, "केयूरदादांनी सीटी काढला ना?"

"काढला. साफ आहे म्हणाला."

"मग इतक्या लांब?"

त्या छताकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "त्याच्या मशीनमधे सगळ्यांच्याच नसा साफ असतात. म्हणून तुझ्याकडे आली."

मांडीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून दाबला. चांगली नस दाबली की मिटते. ही मिटली नाही. पुन्हा दाबून पाहिलं, खाली, वर. गुडघ्यापासून जांघेपर्यंत गाठ आहे. त्यांना सांगितलं. घाबरल्या नाहीत. उठून बसताना म्हणाल्या, "त्या अकोटच्या पोरीले असंच होतं का?"

मी हो म्हणाले. चित्र माझ्याकडे नव्हतं, तरी हो म्हणाले.

एक गोष्ट दादांच्या बाजूने लिहायला हवी. त्यांनी स्वतःच्या आईलाही त्याच सेटिंगवर घातलं. मला इतके दिवस वाटायचं, त्यांना कळतं आणि ते खोटं बोलतात. तसं नाही. त्यांचा त्या चित्रावर खरंच विश्वास बसला आहे. खोटं बोलणारा माणूस परवडला असता, त्याने आईपुरतं तरी खरं पाहिलं असतं.

काकूंना मी इथूनच अमरावतीला फिजिशियनकडे पाठवलं. नबी सोबत गेला, तो हल्ली इथेच असतो. इंजेक्शनं सुरू झाली आहेत, सकाळ-संध्याकाळ पोटावर. रोज नर्स मिळणार नाही. तुला सांगू नको असं काकू म्हणाल्या होत्या. पण घरी दुसरं कोणी नाही, आणि एकही वेळ चुकता कामा नये, म्हणून सांगते आहे. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, सावकाश सोडायचं, नंतर चोळायचं नाही. शौचाला काळं झालं, हिरडीतून रक्त आलं किंवा दम लागला तर लगेच दवाखान्यात न्यायचं, केयूरदादांना विचारत बसायचं नाही.

इंजेक्शनचं काही अडलं तर विचार. बाकीचं लिहू नकोस.

माहेनूर

*

अमरावती
१९ जानेवारी २०१५

माहे,

इंजेक्शनं वेळेवर देते आहे. आई पदर बाजूला करते, तोंड भिंतीकडे वळवते, झालं की पदर ओढून घेते.

टोचलेल्या जागी निळे डाग पडले आहेत. एक रुपयाएवढा आहे, बाकीचे लहान. दम नाही, कुठून रक्त नाही. हे डाग चालतात का?

मी बाकीचं काही लिहीत नाही.

आशू

*

चांदूर बाजार
२२ जानेवारी २०१५

डाग चालतात. या औषधाने पडतातच. बेंबीपासून चार बोटं लांब राहा आणि प्रत्येक वेळी जागा बदला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. वाढत गेले किंवा गाठ हाताला लागली तर फिजिशियनना दाखवा.

पायाची सूज उतरायला काही महिने लागतील. पेशंटना पाय उशीवर ठेवायला सांगावं.

डॉ. माहेनूर
सोनोग्राफी तपासणी केंद्र, चांदूर बाजार